पाड्यावरच्या शाळेसाठी निघालेल्या मुलीला

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतचा वर्षाचा आराखडा, दोन्ही दोनदा वाचलं. जव्हारच्या त्या पाड्याने खळ्याशेजारची जागा आपण होऊन दिली, बापयांनी वासे उभे केले, बायांनी भुई सारवून दिली, हे वाचून फार बरं वाटलं. जी शाळा गावाने बांधली, तिची काळजीही गाव घेतं.

आता आराखड्याबद्दल. त्यात तू ‘संस्कृती’ असा वेगळा रकाना केला आहेस. शनिवारी तारपा, म्हणजे भोपळ्याचं ते फुंकून वाजवायचं वाद्य, महिन्यातून एकदा वारली चित्रं. तो रकाना काढून टाक. सोमवार ते शुक्रवार पुस्तक आणि शनिवारी आपलं, असं झालं की पोरांना फार लवकर कळतं की खरं शिक्षण कोणतं आणि करमणूक कोणती. शिवाय तारप्याला त्याचे दिवस असतात. पीक हाताशी येऊ लागलं की तो वाजतो. लग्नाचा चौक गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, तेव्हा ते लग्न लागतं. तो चौक ड्रॉइंगच्या वहीत आणून त्याला दहापैकी गुण द्यायचे, हे मला कधीच पटलं नाही. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ते मुलांना जरूर सांग. पण सांगताना ही कला मुळात बायांच्या हातची, हेही सांग.

मग या मुलांचं जे आहे ते शाळेत आणायचं कुठून? कामातून. मी ते उशिरा शिकले.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात एका मुलीने शेवळं ही रानभाजी आणून दिली. मी शहरातली, स्वच्छ धुतली, फोडणीला टाकली आणि रात्रभर घसा खाजवत बसले. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हसला. मग एक आठ वर्षांचा मुलगा उठून बाहेर गेला आणि ओंजळभर काकडं घेऊन आला. काकड हे रानातलं आंबट फळ. त्याच्याशिवाय शेवळं शिजवायची नसतात, हे त्या पाड्यावरच्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. शेवळांमधले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक घशाला टोचतात, हे मी पुढे वाचून शिकले आणि मुलांना सांगितलं. त्यांच्याकडे उपाय होता, माझ्याकडे कारण आलं. त्या दिवसापासून माझा विज्ञानाचा तास पाड्यावरच्या चुलीपाशी सुरू होऊ लागला. कडू कांद शिजवताना पाणी का बदलायचं, नागलीच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून राब भाजल्यावर त्यात तण कमी का उगवतं, मोहाची फुलं पहाटेच का वेचायची. यातल्या प्रत्येक प्रश्नाला पाड्यावर एक तरी माणूस असतो, जो तुझ्यापेक्षा जास्त जाणतो. त्याला बोलाव. म्हातारी शिकवायला आली तर तिचा रोज बुडतो, तेव्हा तिला मानधन दे आणि हजेरीपटावर तिचं नाव शिक्षिका म्हणून लिही. वार्षिक समारंभात नारळ देऊन भागवू नकोस.

गणिताचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तू त्याचीच भीती घेतली आहेस.

आमच्या पाड्यावर एका घराला वनहक्काचा पट्टा मिळाला, पण कसत होते त्याच्या निम्म्याहून कमी जमिनीचा. कागद हातात घेऊन तो माणूस शाळेच्या पायरीवर येऊन बसला. मी नायलॉनची दोरी आणली आणि तिला दर 33 फुटांवर गाठ मारली. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. चौथी-पाचवीची अकरा मुलं घेऊन आम्ही वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, उतारावर गेलो. खुंट्या ठोकून चौकोन पाडले. पुरे चौकोन मोजले, कडेचे अर्धेमुर्धे दोन-दोन जोडून एक धरले. मध्येच एका मुलाने विचारलं, “बाई, दोरी उताराला टेकवली तर जास्त भरते, मग खरं कोणतं?” मला लगेच उत्तर आलं नाही. मोजणीच्या कामाला जाऊन आलेल्या एका म्हाताऱ्याने दाखवलं: वरचा माणूस दोरी जमिनीला लावतो, खालचा ती डोक्यावर उचलून आडवी ताणतो आणि टोकातून खडा सोडतो. नकाशात जमीन सपाट धरतात म्हणून तसं. मुलांनी सगळं पुन्हा मोजलं. दोन दिवस गेले. जमीन भरली 46 गुंठे, पट्ट्यावर होते 21 आर. आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्याच्या अगदी जवळ. ते रूपांतरही मुलांनीच केलं.

वनहक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या आदिवासीला कसत्या जमिनीचा हक्क, जास्तीत जास्त 4 हेक्टर. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. हे सगळं आम्ही वर्गात मोठ्याने वाचलं आणि अर्जही वर्गातच लिहिला. निकाल यायला वर्षं लागली, पण त्या अर्जाला जोडलेल्या नकाशावर पाचवीतल्या मुलीचं अक्षर होतं. तिच्या बापाने ती झेरॉक्स आजही पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे.

म्हणून मराठी, गणित, पुढे इंग्रजी, यात कसूर करू नकोस. आदिवासींना त्यांच्या रानात सुखाने राहू द्या, त्यांना परीक्षा कशाला, असं म्हणणारी भली माणसं तुला भेटतील. त्यांची स्वतःची मुलं परीक्षा देतात. नर्मदेच्या काठी नंदुरबारच्या डोंगरात नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा उभ्या राहिल्या, त्या ‘लढाई पढाई साथ साथ’ म्हणत. तिथे शिकवायला त्याच भागातली तरुण मुलं होती आणि पोरं चौथीच्या परीक्षेलाही बसत होती. दोन्ही जमतं. जमवावं लागतं.

भाषेबद्दल एक कबुली. कोरकू, कोलामी, माडिया या बोलणाऱ्या मुलांसमोर गेलेल्या शिक्षकाला निदान कळतं की आपल्याला यांची भाषा येत नाही. वारली मराठीला जवळची, आणि तिथेच घात होतो. मला ती चुकीची मराठी वाटली. एक मुलगी माझ्याशी भरभरून बोलायची. मी तिचा शब्द न् शब्द सुधारत गेले. महिनाभरात ती बोलायची थांबली, पुढे यायचीही थांबली. मी तिच्या घरी गेले तर ती दाराआड उभी राहिली. आजही मला तो दाराआडचा फ्रॉक दिसतो. तू तसं करू नकोस. पहिली दोन वर्षं मुलांना त्यांच्या भाषेत बोलू दे, त्यांच्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत देवनागरीत लिहून भिंतीवर लाव, वाचायला त्याच दे. त्यावरून मराठीकडे ने. कोणी तपासणीला येऊन हरकत घेतली तर शिक्षणहक्क कायद्याचं कलम 29 दाखव. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं, असं त्यात स्पष्ट आहे. संविधानातलं 350-अ सुद्धा तेच सांगतं.

हे काही आपण नव्याने शोधलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडी अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं वळायला गेलेल्या मोठ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. तू एकदा कोसबाडला जाऊन ये. पुस्तकांआधी ती जागा बघ.

तुझ्या आराखड्यात दिवाळीनंतर पूर्ण हजेरी धरली आहेस. तसं होणार नाही. भात झोडून झालं की कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पोरं सोबत जातात. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, आणि तिथेच मुलांना शिकवणाऱ्या भोंगाशाळा याच भागात चालल्या होत्या. तुला तेवढं जमलं नाही तरी कोण कुठल्या भट्टीवर गेलं याची वही ठेव, प्रत्येकाला सोबत एक वही दे, महिन्यातून एकदा जाऊन ये. ज्यांना आजी-आजोबांपाशी ठेवता येईल त्यांच्यासाठी गावाशी आधी बोल, दसऱ्याच्या आत. सुट्ट्या आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांना जोडून घे. आवणीला गेलेल्या मुलाला गैरहजर लिहिण्याचा मूर्खपणा मी चार वर्षं केला.

भगताबद्दल, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिक-वैदूबद्दल, तू विचारलं आहेस. त्याच्याशी वर्गात वाद घालू नकोस. झाडपाल्याचं तो पुष्कळ जाणतो, त्याच्याकडून शीक. पण साप चावला तर आधी दवाखाना, हे त्याच्याशीच बसून ठरव आणि गावासमोर त्याच्याच तोंडून वदवून घे. यात अजिबात नमतं घेऊ नकोस.

मान्यता आणि सरकारी अनुदान घेणार असशील तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया, हा नियम आहे. सभा संध्याकाळी पाड्यावर घे, भाकरी झाल्यावर. दुपारी घेतलीस तर बाया येणार नाहीत, आणि मग सहीपुरती समिती उरेल.

राब भाजायच्या आठवड्यात मी येईन म्हणते. किती कवळी पालापाचोळा लागतो, किती जागा भाजली, त्यात किती रोप धरेल, याचा हिशेब मुलांकडून करून घेऊ. दोरी नवी आणू नकोस. माझी 33 फुटांच्या गाठींची अजून चांगली आहे, घेऊन येते.

तुझी,
बाई