वर्षाचे पैसे एकदम भरले की जिमला जाणं होतं का?

"एकदम वर्षाचे पैसे भरले की जावंच लागेल, म्हणून भरू का?" असं तुम्ही विचारलंय. सवलत मोठी असेल तर तो हिशेब वेगळा. पण स्वतःला बांधून घ्यायला म्हणून भरत असाल तर नका भरू.

डेलाविन्या आणि माल्मेन्डियर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २००६चा. महिन्याला ७० डॉलरच्या वर भरणारी मंडळी महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जात होती. एक खेप १७ डॉलरच्या पुढे पडली. तिथेच दहा खेपांचा पास १०० डॉलरला मिळत होता! पुढच्या महिन्यात आपण किती वेळा जाऊ, याचा अंदाज बांधताना आपण कायम चढाच बांधतो, आणि जिमवाल्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

आता "पैसे भरलेत ना, मग वसूल करायला हवेत" ही टोचणी. ती खरी असते, पण टिकत नाही. गूरव्हिल आणि दिलीप सोमण या संशोधकांनी हेच मांडलंय: पैसे भरल्यावर लगेच हजेरी वाढते आणि मग ओसरत जाते. दर महिन्याला भरणाऱ्यांची हजेरी त्या मानाने एकसारखी राहते, कारण दर महिन्याला खिसा पुन्हा हलका होतो. म्हणून थोडं महाग पडलं तरी मासिकच घ्या.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न खाड्याचा आहे. २०२१मध्ये संशोधक केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका जिम साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर चार-चार आठवड्यांचे ५४ उपक्रम करून पाहिले. सगळ्यांत सरस ठरला तो खाडा पडल्यावर परत येणाऱ्याला जेमतेम ९ सेंटचं जादा बक्षीस देणारा. पण चार आठवडे संपल्यावरही परिणाम दिसला असे उपक्रम ५४ पैकी ८ टक्केच, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा एक दिवस हुकला म्हणून "आता सोमवारपासून" करू नका. हुकल्यानंतरचा दिवस आणि वेळ आधीच ठरवून ठेवा, मग त्या दिवशी वीसच मिनिटं झाली तरी चालेल.

खाण्याबद्दल थोडक्यात. लहान ताटात वाढून घ्या वगैरे सल्ल्यांवर फार विसंबू नका. त्या विषयातले गाजलेले, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले तेव्हाचे संशोधक ब्रायन वॉन्सिंक यांचे बरेच निबंध मागे घेतले गेलेत. किराण्याची यादी मात्र जेवण झाल्यावर करा. भुकेल्या पोटी केलेल्या यादीत फरसाण हमखास असतं.