रोज दहा इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करतो, तरी बोलताना एकही आठवत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने झाले, रोज दहा शब्द, त्यांचे मराठी अर्थ आणि पुस्तकातलं एकेक उदाहरण वाक्य वहीत उतरवून काढता. 'रिलक्टंट म्हणजे अनिच्छुक' हे झोपेतून उठवलं तरी सांगाल, पण बोलायची वेळ आली की शब्द जिभेवर येत नाही. आपली बुद्धीच कमी पडते का, असंही शेवटी विचारलंय. बुद्धीचा इथे काही संबंध नाही. अशी वही मीही काही वर्षं वागवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, मी त्याच्या आधीची. आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. बारावीनंतर तालुक्याच्या गावी एका क्लासमध्ये शब्दांची जाडजूड झेरॉक्स मिळाली. तीन रकाने : इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ. पहिल्याच पानावर होतं, 'अबॅन्डन : सोडणे, सोडून देणे.' ती झेरॉक्स मी अक्षरशः घोकली.

पुढे पुण्यात एका कंपनीच्या खरेदी विभागात नोकरी लागली. धाकटा भाऊ राहायला आला होता, त्याला सकाळी स्वारगेटला सोडायला गेले आणि ऑफिसला अर्धा तास उशीर झाला. साहेबांना मेल टाकला. त्यात लिहिलं होतं, 'आय ॲम लेट बिकॉज आय अबॅन्डन्ड माय ब्रदर ॲट स्वारगेट.' साहेबांनी लगेच केबिनमध्ये बोलावलं. चेहऱ्यावर काळजी. "भाऊ ठीक आहे ना? घरात काही झालंय का?" मी म्हटलं, "नाही सर, एसटीत बसवून आले त्याला." मग त्यांनी समोरची खुर्ची दाखवली आणि शांतपणे सांगितलं, "अबॅन्डन म्हणजे वाऱ्यावर सोडून देणं. स्टँडवर सोडलं म्हणायचं असेल तर ड्रॉप्ड म्हणतात."

झेरॉक्समधला अर्थ तसा चुकीचा नव्हता. 'सोडणे' हा 'अबॅन्डन'चा अर्थ होतोच. पण आपल्या एका 'सोडणे'च्या पोटात किती गोष्टी आहेत हे तिथे कुणी लिहिलेलं नव्हतं. त्या रात्री वहीच्या कोऱ्या पानावर मधोमध 'सोडणे' लिहिलं आणि घरात जशी बोलतो तशी वाक्यं मांडत गेले. भावाला स्टँडवर सोडलं : 'ड्रॉप्ड'. काकांनी तंबाखू सोडली : 'गेव्ह अप'. उजनीतून भीमेत पाणी सोडलं : 'रिलीज्ड'. आजीनं द्वादशीला उपास सोडला : 'ब्रोक हर फास्ट'. गाठ सोडली : 'अनटाइड'. ताईनं नोकरी सोडली : 'क्विट'. म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडलं : इथे 'अबॅन्डन्ड'. मराठीत एकच क्रियापद, इंग्रजीत सात. वर्षभर घोकून जे हाती लागलं नव्हतं ते त्या एका पानानं दिलं. आजही 'लावणे', 'घालणे', 'बसणे' असे शब्द घेऊन कुणीही हे करून बघावं. दिवा लावणे, झाड लावणे, गाडी लावणे, तेल लावणे, कुलूप लावणे आणि फोन लावणे या सहांसाठी इंग्रजीत सहा वेगवेगळी क्रियापदं लागतात.

आता तुमच्या अडचणीच्या मुळाशी येते. साहेबांनी 'त्याग करणे' किंवा 'परित्याग' असं काही सांगितलं असतं तर मी ते पुन्हा वहीत लिहिलं असतं आणि विसरले असते. त्यांनी 'वाऱ्यावर सोडणं' म्हटलं, म्हणून ते रुतून बसलं. अर्थाच्या रकान्यात जी मराठी असते ती आपण घरात बोलत नाही. 'अनिच्छुक' हा शब्द तुम्ही आईशी, मित्राशी कधी बोललात? बहुधा नाहीच. म्हणजे तुम्ही एका परक्या शब्दाला दुसरा परका शब्द बांधून ठेवलाय. गरजेच्या वेळी मनात जो विचार येतो तो घरच्या मराठीत येतो, आणि त्या मराठीपासून इंग्रजी शब्दापर्यंत वाटच तयार झालेली नाही. मग शब्द येणार कसा?

म्हणून माझा पहिला नियम : कोशातला अर्थ वाचायचा आणि लगेच विचारायचं, 'हे आमच्या घरी कसं म्हणतात?' 'एक्झॉस्टेड'ला परिश्रांत नको, 'पार गळून गेले' लिहा. 'प्रोक्रॅस्टिनेट' म्हणजे चालढकल करणे. 'क्लम्झी' म्हणजे धांदरट, 'मम्बल' म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटणे, 'नॅग' म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी सारखी भुणभुण लावणे. असा अर्थ सापडला की शब्दाला चेहरा येतो, कारण धांदरट म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे कुणीतरी उभं राहतंच.

उलट दिशेनेही शोधता येतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. बोलीतला शब्द टाकला की इंग्रजी अर्थांची रांग लागते. त्यातलं इंग्रजी जुनं आहे, त्यामुळे सापडलेला शब्द आजच्या कोशात तपासल्याशिवाय वापरू नका. पण आपल्या बोलीतल्या शब्दांकडे इतक्या बारकाईनं बघणारा कोश वाचताना मला फार आनंद होतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुसरी गोष्ट उदाहरण वाक्यांची. पुस्तकातलं वाक्य उतरवून काढलं की हात दुखतो, डोक्यात काही जात नाही. पण ते वाक्य टाकूनही द्यायचं नाही, कारण शब्द वाक्यात कसा बसतो ते तिथेच कळतं. 'अफोर्ड' घ्या. अर्थ 'परवडणे'. आपण म्हणतो, 'मला हा फ्लॅट परवडत नाही.' इथे परवडतो फ्लॅट. म्हणून कितीतरी जण लिहितात, 'धिस फ्लॅट इज नॉट अफोर्ड टू मी.' इंग्रजीत मात्र कर्ता माणूस असतो : 'आय कान्ट अफोर्ड धिस फ्लॅट.' खरं तर हा साचा आपल्याला पाचवीपासून येतो. 'मला चहा आवडतो'चं 'आय लाइक टी' करताना कुणी अडखळत नाही. 'माझी बस चुकली' हेही तसंच, मराठीत चुकते बस, इंग्रजीत 'आय मिस्ड माय बस'. एकदा हे लक्षात आलं की 'मला' आणि 'माझी'ने सुरू होणारी वाक्यं सावधपणे बघायची सवय लागते.

शब्द वाक्यात कसा बसतो हे शिकणाऱ्याला दाखवायचं काम मन लावून केलं ते ए. एस. हॉर्नबी यांनी. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत. परक्या माणसाला क्रियापदाचा अर्थ कळला तरी त्याच्या पुढे काय जोडायचं ते कळत नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोश केला. तो १९४२ मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. आज आपण ऑक्सफर्डचा विद्यार्थी कोश म्हणतो तो त्याचाच वंशज. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन, तिघांचेही शिकणाऱ्यांसाठीचे कोश मोबाइलवर फुकट उघडतात. प्रत्येक शब्दाशी स्पीकरचं चिन्ह असतं, उच्चार तिथे ऐका. देवनागरीत लिहिलेल्या उच्चारात शब्दावरचा जोर कळत नाही. 'हॉटेल' आपण 'हॉ'वर जोर देऊन म्हणतो, इंग्रजीत तो 'टेल'वर असतो.

शब्दांच्या सोबतीचंही बघायला हवं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसं शब्दांचं असतं. शेजारी कोण बसलंय त्यावरून गुण ठरतो. आपला 'कडक' घ्या. चहा कडक, सर कडक, ऊन कडक, नोट कडक. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', सर 'स्ट्रिक्ट', ऊन 'स्कॉर्चिंग' आणि नोट 'क्रिस्प'. 'स्ट्रिक्ट'चा सुटा अर्थ पाठ करणारा उद्या चहालाही 'स्ट्रिक्ट' म्हणेल. म्हणून मी सुटं विशेषण लिहीतच नाही, जोडी लिहिते.

आता पाठांतर. मी घरी आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं केली. एका बाजूला घरच्या मराठीतलं माझं स्वतःचं वाक्य, मागे इंग्रजी वाक्य, त्यात नवा शब्द अधोरेखित. वाचायचं नेहमी मराठीकडून. मराठी बघून इंग्रजी मोठ्यांदा म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही वहीत इंग्रजी बघून मराठी आठवता, म्हणून वाचताना शब्द ओळखता आणि बोलताना अडता. ज्या दिशेने बोलायचंय त्याच दिशेने सराव हवा.

कार्डं ठेवायला मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. ही युक्ती सेबास्टियान लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकांपुढे मांडली. तिच्या मागचं निरीक्षण त्याहून जुनं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, किती वेळाने किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. म्हणून उजळणीही आधी जवळजवळ आणि नंतर लांबलांब. कार्डं कापायचा कंटाळा असेल तर अँकी नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर फुकट, ते हेच काम करतं. मला हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं.

रोज किती? दहा नको, तीन. पण तीन शब्दांची तीन पुरी वाक्यं, तीही स्वतःची. आणि शब्द कुठले? ए पासून सुरू होणाऱ्या याद्या बाजूला ठेवा. मायकल वेस्ट यांनी बंगालमध्ये शिकवताना हाच प्रश्न हाताळला होता, आणि त्यांची सुमारे २००० नित्याच्या शब्दांची यादी १९५३ मध्ये निघाली. लाँगमनचा १९७८ चा कोश तर साधारण २००० शब्दांतच सगळे अर्थ सांगतो. म्हणजे तेवढे शब्द तुमच्या हाताखाली पक्के आले की पुढचा कुठलाही शब्द इंग्रजीतूनच समजून घेता येतो. त्यातले बरेचसे तुम्हाला आत्ताच ओळखू येतात, फक्त वाक्यात वापरता येत नाहीत. तिथून सुरू करा.

स्पर्धा परीक्षेचंही विचारलंय. समानार्थी, विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांना ओळख पुरते, तेव्हा त्यासाठी तुमची यादी चालू ठेवा, पण वेगळ्या वहीत. बोलण्याच्या सरावाशी ती मिसळू नका.

आणि तुमचा 'रिलक्टंट'. आधी घरचा अर्थ शोधू : कां-कू करणे, आढेवेढे घेणे, मनात नसणे. मग कोशात त्याची सोबत बघू. त्याच्या पुढे 'टू' येतो आणि मग क्रियापद, 'रिलक्टंट टू गो', 'रिलक्टंट टू टॉक'. आता तुमच्या घरातलं कुणीतरी आठवा. माझं कार्ड असं आहे. पुढे : 'गुडघे दुखतात, तरी आई डॉक्टरकडे जायला कां-कू करते.' मागे : 'हर नीज हर्ट, बट माय मदर इज स्टिल रिलक्टंट टू सी अ डॉक्टर.' डॉक्टरकडे जाण्याला 'सी' म्हणतात, हेही त्याच कार्डावर शिकून झालं. तुमचं वाक्य तुमच्या घरातलं असू द्या, आणि ते आज रात्रीच लिहा.