गुडघा बदलल्यावर आईला तेल मालिश, हळद, काढे चालतील का?

माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत त्यामुळे अनुभवावरून सांगते. सगळ्यात आधी मालिश. टाके निघून जखम पूर्ण भरेपर्यंत गुडघ्याला निर्गुडी तेल, तिळाचं तेल काहीच लावू नका, आणि पोटरी तर अजिबात चोळू नका कारण ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, पोटरी एकदम सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

हळदीचं दूध घ्या, हरकत नाही. पण हळदीच्या, लसणाच्या कॅप्सूल, गुग्गुळ वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण तेव्हा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात आणि त्यात यांची भर पडली तर रक्तस्राव वाढू शकतो.

सुरुवातीला शेक नाही, बर्फ. कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, व्यायामानंतर तर नक्कीच. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवायचा मोह होतो, आईलाही व्हायचा, पण त्याने पाय सरळ व्हायला त्रास होतो म्हणून उशी टाचेखाली.

खाण्यात डाळी, अंडी, पनीर, मासे असं प्रोटीन भरपूर द्या. डिंकाचे लाडू आवडत असतील तर द्या पण वजन आणि शुगर बघून. रात्री दुखून झोप येत नसेल तर दीर्घ श्वसन, आवडीची भजनं यानेही बराच आराम पडतो, आईला पडला. आणि फिजिओथेरपी एक दिवसही चुकवू नका हो प्लीज, तिची जागा कुठलाच काढा घेत नाही.