बक्षीस नसलेल्या व्हीडीपीमध्ये एथिकल हॅकरने वेळ घालवावा का?

पैसे न देणाऱ्या व्हल्नरेबिलिटी डिस्क्लोजर प्रोग्रामसाठी, म्हणजेच व्हीडीपीसाठी, यंत्रणेतले सुरक्षा दोष शोधणे हे फुकट राबणे नाही का, असे आपण विचारले आहे. शिकण्याच्या काळात, आणि धोरण नीट वाचून, ते अवश्य करावे. पोट भरण्याची वेळ आली की आवरते घ्यावे, असे माझे मत आहे.

बग बाउंटीत कंपनी संशोधकाला दोष शोधायला बोलावते आणि सापडलेल्या दोषाचे मोल देते. व्हीडीपीत ती एवढेच सांगते की दोष आढळल्यास तो कुठे कळवावा, आणि नियम पाळून कळवणाऱ्यावर आम्ही कायदेशीर कारवाई करणार नाही. नवख्याच्या दृष्टीने खरी कमाई या दुसऱ्या हमीतच आहे, कारण चालू यंत्रणेवर हात चालवायची परवानगी एरवी सहजासहजी मिळत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१६ मध्ये आपला व्हीडीपी सुरू केला, आणि २०२० मध्ये सिसा या तिथल्या सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशाने संघीय नागरी खात्यांनाही असे धोरण जाहीर करणे बंधनकारक झाले. पैसे नसल्यामुळे अशा ठिकाणी मुरलेल्या बग-शिकाऱ्यांची गर्दीही तुलनेने कमी असते.

माझा स्वीकारला गेलेला पहिला रिपोर्ट व्हीडीपीतलाच होता. एका संकेतस्थळावर बिलाच्या लिंकच्या शेवटी एक क्रमांक दिसत होता. मी स्वतःचीच दोन खाती उघडली, एका खात्यात लॉगिन असताना दुसऱ्या खात्याच्या बिलाचा क्रमांक तिथे टाकला, आणि ते बिल मुकाट्याने उघडले. क्रमांक बदलून दुसऱ्याची माहिती अशी परवानगीशिवाय उघडण्याच्या दोषाला आयडॉर म्हणतात. मी घाईघाईने दोन ओळींचा रिपोर्ट पाठवला आणि तो ‘इन्फॉर्मेटिव्ह’, म्हणजे फक्त माहितीपुरता, असा शेरा मारून बंद करण्यात आला. मग रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि दोन्ही खात्यांचे स्क्रीनशॉट जोडले, क्रमांक सलग असल्याने एखादी साधी स्क्रिप्ट सगळ्या ग्राहकांची बिले उतरवू शकेल हे दाखवून दिले, आणि ती स्क्रिप्ट मी चालवलेली नाही हेही नमूद केले. तोच दोष आता ‘हाय’, म्हणजे गंभीर, ठरला. पुढे बाउंटीत मिळालेल्या पैशांत या धड्याचा वाटा मोठा आहे.

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये चार्ली मिलर, अलेक्झांडर सोतिरोव्ह आणि डिनो दाई झोवी या सुरक्षा संशोधकांनी ‘यापुढे फुकट बग नाहीत’ अशी भूमिका जाहीरपणे घेतली होती, आणि भरपूर नफा कमावणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत मला ती आजही पटते. (डच सरकार निदान टी-शर्ट तरी देते, आणि ‘मी डच सरकार हॅक केले आणि पदरात पडला तो हा भिकार टी-शर्ट’ असे त्यावर छापून स्वतःचीच थट्टाही करते.) मी तर धोरणात आधी प्रसिद्धीचे कलम शोधतो. पैसेही नाहीत आणि दोष दुरुस्त झाल्यावरही त्याविषयी अवाक्षर काढायचे नाही, अशी अट असेल तर तो सौदा मी करत नाही, कारण मग नोकरीच्या मुलाखतीत दाखवायलाही हाती काही उरत नाही.

सीव्हीई क्रमांकाची, म्हणजे ज्ञात दोषांच्या जागतिक यादीतल्या नोंद-क्रमांकाची, हौस असेल, तर तो एखाद्या संकेतस्थळापुरत्या दोषाला सहसा मिळत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. त्यासाठी लोक आपापल्या यंत्रणेवर बसवून वापरतात असे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तपासणे बरे. आणि बक्षीस नाही असे स्पष्ट लिहिलेले असताना रिपोर्टसोबत पैशांची विचारणा कृपया करू नये. वाचणाऱ्याला ती खंडणीसारखी वाटते आणि चांगला रिपोर्टही वाया जातो. मी स्वतः आता महिन्यातला एखादा शनिवारच व्हीडीपीला देतो, तोही एखादी नवी पद्धत खऱ्या यंत्रणेवर करून पाहायची असेल तेव्हा.