ठाण्यात क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) मित्रमैत्रिणींची फोटोमालिका करतोय. चेहरे दाखवावेत का? लोक स्वीकारतील?

चेहऱ्याचा निर्णय तुमचा नाही, समोरच्याचा. छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी १९८६-८७ मध्ये दिल्लीत ‘एक्झाइल्स’ मालिका केली तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम लागू होतं. इंडिया गेट, हुमायूनची कबर अशा ओळखीच्या जागी माणसं दिसतात, पण ओळख झाकून. कुणी पाठमोरं, कुणाची मान वळलेली. तरी फोटो अपुरे वाटत नाहीत, जागाच बोलते.

तुमच्याकडे तलावाकाठची तलावपाळी आहे की! कठड्यावर दोन मुलगे गळ्यात हात टाकून बसले तर कुणी ढुंकून बघत नाही. ते दोघे जोडपं आहेत असं कळलं की नजरा बदलतात. मला विचाराल तर मालिका तिथेच आहे. इंद्रधनुषी झेंडे जाहिरातवाल्यांना राहू देत.

मात्र पाठमोरा फोटोही ओळख फोडतो. टॅटू, गाडीचा नंबर, सोसायटीच्या गेटवरची पाटी बघून घ्या (ठाण्यात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच). फोटोतलं लोकेशन काढून टाका. प्रदर्शनाला होकार दिला म्हणजे इन्स्टाग्रामलाही दिला असं धरू नका, वेगळं विचारा.

स्वीकाराचं म्हणाल तर चित्र अर्धवट आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, २०२३ मध्ये लग्नाला मान्यता नाकारली. टीव्हीवर पुरुषाने साडी नेसली की आजही हशा ठरलेला. ‘जोगवा’सारख्या सिनेमाने तीच साडी गंभीरपणे दाखवली आणि प्रेक्षकांनी पाहिलीही. तेव्हा आधी छोटं, ओळखीतल्यांसाठी प्रदर्शन करा.