पहाटेची पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या

प्रश्न : मी एम.बी.बी.एस.च्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी आहे. पावसाळ्यात एका ग्रामीण रुग्णालयात असताना, पहाटे साडेचारला सोळा वर्षांच्या एका मुलाला पोटात कळा आणि दोन उलट्या अशी तक्रार घेऊन आणण्यात आले. ताप नव्हता, पोट मऊ होते. अन्नविषबाधा असावी असे समजून आम्ही त्याला इंजेक्शन देऊन ठेवून घेतले. सहाच्या सुमारास त्याच्या पापण्या जड झाल्या आणि आवाज नाकातून येऊ लागला. वरिष्ठांनी मण्यारदंशाचे निदान केले, मात्र अंगावर दंशाची खूण कुठेही सापडली नाही. खुणेवाचून हे निदान कोणत्या आधारावर करावे, आणि उपचारांत आधी काय करावे?

उत्तर : आपण लिहिलेल्या हकिकतीतच निदान आहे, फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला : हा मुलगा रात्री कुठे झोपला होता? मण्यार हा निशाचर साप उंदीर, पाली आणि इतर साप यांच्या मागावर घरात शिरतो आणि जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे विषदंत आखूड असतात, दंशाच्या जागी सूज येत नाही आणि वेदनाही बहुधा नसते. त्यामुळे पुष्कळदा झोपलेल्याला जागच येत नाही आणि जाग येते ती पोटातल्या कळांनी. म्हणून पावसाळ्यात, खाली झोपलेला, रात्री धडधाकट असलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी, घसा दुखणे किंवा अंग गळून जाणे अशी तक्रार घेऊन आला, तर मण्यारदंश नाही याची खात्री होईपर्यंत तो आहे असेच धरून चालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खूण शोधावी, परंतु ती सापडली नाही म्हणून निदान सोडून देऊ नये.

अशा रुग्णाचे पोट तपासून झाल्यावर हात लगेच चेहऱ्याकडे वळला पाहिजे. त्याला वर पाहायला सांगून मिनिटभर तसेच पाहत राहायला लावावे, म्हणजे पापण्यांचा थकवा लवकर लक्षात येतो. मग डोळ्यांची हालचाल, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, जीभ बाहेर येते का, थुंकी गिळता येते का, आणि शेवटी उशीवरून मान उचलता येते का, हे क्रमाने पाहावे, कारण हा लुळेपणा वरून खाली उतरतो. गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजारात तो सहसा पायांतून वर चढतो आणि त्याला दिवस लागतात. पक्षाघातात एक बाजू जाते. पोटॅशियम घटल्याने हातपाय गळतात पण पापण्या बहुधा शाबूत राहतात. कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि तोंडाला लाळ व अंगाला घाम सुटतो. मण्यारदंशात मात्र बाहुल्या विस्फारलेल्या आणि प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या असू शकतात. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण असा रुग्ण मेंदू मृत झाल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो पूर्ण शुद्धीवर असून आपले बोलणे ऐकत असतो. त्याच्याशी बोलावे, त्याला धीर द्यावा आणि त्याच्या खाटेजवळ निराशेचे शब्द उच्चारू नयेत.

आता उपचारांविषयी. सर्वांत आधी श्वास. रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावावे आणि दर अर्ध्या तासाने तेच करावे. आकडे घटत असतील, मान उचलता येत नसेल किंवा लाळ घशात साचत असेल, तर बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ टक्के दिसतो म्हणून स्वस्थ बसू नये, कारण तो आकडा अगदी शेवटी पडतो. श्वासनलिकेत नळी वेळेवर घालावी. व्हेंटिलेटर नसेल तर अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) श्वास देत रुग्णाला हलवावे, मात्र बॅग दाबणारी प्रशिक्षित व्यक्ती सोबत असल्याखेरीज रुग्णवाहिका सोडू नये.

त्याच वेळी प्रतिविष सुरू करावे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, म्हणून साप ओळखण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. सुरुवातीला १० व्हायल (कुप्या) सलाईनमधून तासाभरात द्याव्यात. लक्षणे वाढत राहिली तर आणखी १०, त्यापलीकडे नाही. मुलांनाही मात्रा तीच, कारण साप मुलाला कमी विष टोचत नाही. त्वचेवर चाचणी करू नये, ती निरुपयोगी आहे. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली किंवा रक्तदाब पडला, तर प्रतिविष थांबवून प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन मांडीच्या स्नायूत द्यावे आणि रुग्ण सावरल्यावर प्रतिविष पुन्हा सुरू करावे.

विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो यापुढे. प्रतिविष देऊनही पापण्या उघडत नाहीत, तेव्हा औषध लागू पडले नाही असे वाटून व्हायलमागून व्हायल देण्याचा मोह होतो. मण्याराच्या विषातील मुख्य घटक मज्जातंतूंची स्नायूंजवळची टोके आतून निकामी करतो. प्रतिविष रक्तात फिरणारे विष बांधते, पण एकदा बिघडलेली टोके ते दुरुस्त करू शकत नाही. ती शरीरालाच नव्याने घडवावी लागतात आणि त्याला काही दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर श्वास चालू ठेवणे हाच खरा उपचार होय. निओस्टिग्मिन हे मज्जातंतूंचा संदेश स्नायूंपर्यंत पोचायला मदत करणारे औषध (आधी ॲट्रोपिन देऊन) नागदंशात चांगले काम करते, मण्यारदंशात क्वचितच. प्रयोग म्हणून देऊन पाहावे आणि पापण्यांत फरक दिसला नाही तर थांबवावे.

प्रश्न : सर्पदंशाच्या रुग्णात करतात ती रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी प्लॅस्टिकच्या नळीत केली तर चालते का? (एक आंतरवासी डॉक्टर)

उत्तर : चालत नाही. रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते, म्हणून नळी काचेची, कोरडी आणि नवी असावी. साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही कदाचित गोठणार नाही. शिरेतले २ मिलिलिटर रक्त तीत घेऊन २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवावे आणि मग एकदाच कलंडवावे. रक्त पातळच राहिले तर घोणस किंवा फुरसे यांचा विचार करावा. नाग आणि मण्यार यांच्या दंशात ते नेहमीसारखे गोठते, तेव्हा चाचणी ठीक आली म्हणून वरच्या प्रश्नातल्या मुलासारख्या रुग्णाला घरी पाठवू नये. किमान २४ तास निरीक्षणाखाली ठेवावे.