फॉलो-अपच्या आधीची धाकधूक
कॅन्सरच्या उपचारांनंतरच्या तपासणीची तारीख जवळ आली की पोटात गोळा येणारच; इतक्या वर्षांनी माझ्याही येतो. पण गाठ परत आली का बघायला दिवसातून दहादा काख चाचपू नकोस. दाबून दाबून तिथे दुखायला लागतं आणि मग त्या दुखण्याचीच धास्ती. त्यापेक्षा डॉक्टरांकडून लिहून घे: कशासाठी लगेच फोन करायचा, कशाची थोडे दिवस वाट बघायची. ‘काही होत नाही गं’ म्हणणाऱ्यांचा मला तर रागच येतो, असो. झोप उडाली किंवा तपासणीच टाळावीशी वाटली, तर सायको-ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सर पेशंटच्या मनाची काळजी घेणाऱ्या तज्ज्ञाला, भेट. ऑस्ट्रेलियात कॅन्सर परत येण्याच्या या भीतीसाठीच ‘कॉन्करफिअर’ ही ५ सत्रांची थेरपी तयार झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती नुसत्या रिलॅक्सेशनपेक्षा सरस ठरली. भीतीवर खिळलेलं लक्ष हलवायचं कसं, हे त्यात शिकवतात. आणि रात्री गूगल बंद.